देवाला मागची सीट

बाबा, यंदा गणपतीच्या आधी तुमच्या फोटोवरून मी आईची बोलणी खाल्ली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कामात लक्ष नाही, स्वयंपाकात नाही, एवढंच काय, मोबाइलमध्येसुद्धा नाही. परवा मी मोबाइल बाजूला ठेवून नुसतीच खिडकीबाहेर बघत बसले, तर नवऱ्याने येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना. तुम्ही गेलात तेव्हा फोन म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, पलीकडच्याला ओरडून ऐकवायचा. त्यामुळे हे सगळं तुम्हाला सांगायला कुठून सुरुवात करू, इथपासूनच माझा गोंधळ आहे. पण कुणाशी तरी भांडायला हवंय मला, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते तुम्हीच आहात.

तर मी आता वरसे गावात राहते, रोह्याला लागूनच. तुमच्या वेळी तिथे भाताची शेतं होती, आता आमच्यासारख्या कंपनीवाल्यांच्या इमारती आहेत. मी कंपनीत डिस्पॅचला आहे, म्हणजे माल भरलेले टँकर कधी निघाले, कुठे पोचले, कुठे अडकले, ते दिवसभर पडद्यावर बघत बसायचं. ते झालं की घरी येऊन मी पुन्हा पडद्यासमोरच बसते, फक्त आवडीचं बघायला. पेणच्या स्टँडवर नवीन गाडी दिसली की ओळखपाळख नसताना तुम्ही मालकाला बॉनेट उघडायला लावायचात ना, तशीच खोड मला नव्या वेबसाइटची आहे. बोललेलं टाईप करून देणारी, फोटोतली मागची भिंत पुसून टाकणारी, गाडीचा नंबर टाकला की विमा कधी संपतो ते सांगणारी, दोन गाड्या शेजारी उभ्या करून कुणाची डिकी मोठी ते दाखवणारी. कामाचं असो नसो, मी उघडून बघतेच. कॉलनीतल्या बायका येतात, पावती निघत नाय गो, दंडाचा मेसेज आलाय तो खरा की खोटा बघ ना, आणि मी चहा थंड होईस्तोवर त्यांचं करून देते. गाड्यांवर गप्पा मारायची एक साइट आहे, तिथे तर मी रोज लिहिते. टोपणनाव असं घेतलंय की बाई की पुरुष ते कळू नये, त्यामुळे सगळे मला सर म्हणतात. "सर, क्लच जड झालाय, काय करू?" मी पोळ्या लाटता लाटता एका हाताने लोकांचे क्लच दुरुस्त करते.

गाडी मात्र मी चालवायला शिकले ती चाळिशी उलटल्यावर. तुम्ही शिकवली नाहीत. कितीदा मागे लागले असेन! दर वेळी तुमचं एकच, "आधी बघायला शीक. चालवतात काय, कुणीबी चालवतात." मग मी बघायला शिकत राहिले, वर्षानुवर्षं, आणि चालवायचं राहूनच गेलं. शेवटी रोह्यात पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूलला गेले. तिथला शिकवणारा बडीशेप चघळत बसायचा आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळून म्हणाला, "मॅडम, सारखं डावीकडं काय बघताय? कोण येणार हाय का तुमचं? समोर बघा ना!" मी समोर बघायचं ठरवायचे आणि मान आपली डावीकडे. नवीन शिकणारी माणसं डावीकडे बघायला विसरतात म्हणे, त्यावर व्हिडिओ आहेत ढीगभर. माझ्यासारख्या उलट्या खोपडीचा व्हिडिओ कुणी केलेला नाही. आणि दुसरी गंमत, माझ्या डावीकडच्या सीटवर बसून कुणी झोपलं की मला संताप येतो. नवरा बिचारा नागोठणं येईपर्यंत डुलकी काढतो, तर मी त्याला हलवून जागं करते, झोपायचं तर मागे जाऊन झोप म्हणते. तो डोळे चोळत विचारतो, "अगं, तिकडे आरसा आहे, कॅमेरा आहे, काही जवळ आलं तर गाडी स्वतः कोकलते. मी जागा राहून काय करू?" ह्याचं उत्तर मला कधी देता आलं नाही. आता देता येतं, पण देववत नाही.

झालं असं, की तुमचा तो दसऱ्याचा फोटो. गाडी धुऊन, बॉनेटला झेंडूचा हार घालून तुम्ही तिच्या दाराला टेकून उभे आहात तो. पेणच्या आपल्या रामवाडीतल्या घराला ओल येते हे तुम्हाला ठाऊकच आहे, फोटोच्या काचेआड बुरशी चढली होती, तुमचा एक कान आणि गाडीचं अर्धं छप्पर गेलंच होतं. मी म्हटलं, आपण ह्या कामातल्या तरबेज, आईला एकदम नवा करून देऊ. जुने फोटो दुरुस्त करणारी एक साइट आहे, त्यात टाकला. काय सांगू बाबा, बुरशी गेली, कान आला, हारातलं फूल न् फूल पिवळंधमक झालं. पुढे तिथेच एक बटण होतं, फोटोतल्या माणसाला हलवायचं. तेही दाबलं. तुम्ही हललात! मान सरळच, पण डोळे आधी उजवीकडे गेले, मग डावीकडे, मग माझ्याकडे बघून हसलात. मला तर रडूच फुटलं. शनिवारी गाडी काढली आणि तडक पेणला आले.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसून पोह्यांचे पापड लाटतेय. मी तिच्या नाकासमोर मोबाइल धरते. ती हात पदराला पुसते, चष्मा वर करते, खाली करते, आणि विचारते, "ह्यो कोण?"

"कोण म्हणजे? बाबा."

"नाय."

"आई, तोच फोटो आहे. दसऱ्याचा."

"गाडी तीच हाय. शर्टबी तोच, मीच शिवून घेतलेला. माणूस दुसरा हाय." आणि मग जी सुरू झाली! कुठल्या कोण माणसाला तुझ्या बाबांचे कपडे घालून नाचवतेस, लाज नाय वाटत, असलं भिंतीला लावलंस तर मी त्या भिंतीकडं तोंड करून जेवायची नाय. मी म्हटलं, अगं पण फरक काय आहे? तर बोट लावून दाखवते, "डावा डोळा बघ. ह्यो दोन्ही डोळ्यांनी बघतोय. आणि मुंडी न हलवता डावीकडं बघतोय. त्यांना दिसायचं काय गो तिकडचं?"

मोबाइलमध्ये तुम्ही पुन्हा पुन्हा डोळे फिरवत होतात. आईने लाटणं पुन्हा हातात घेता घेता माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुला ठाऊक नाय?" तिला खरंच पटेना. "येवढी वर्षं त्यांच्या डावीकडं बसलीस आणि तुला ठाऊक नाय?"

मग तिने सांगितलं ते असं. मिठागरावर लहानपणी विटीदांडू खेळताना तुमच्या डाव्या डोळ्याला विटी लागली. डोळा दिसायला राहिला, बघायचा बंद झाला. जरासा स्थिर असायचा, पण माहीत असलं तरच कळणार. तुम्हाला डोक्यावरून मीठ वाहायचं नव्हतं, गाडीच चालवायची होती, म्हणून लायसनला जाण्याआधी कुठूनशी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं मिळवून पाठ केलीत. हे आईला लग्नानंतर कळलं, आणि तुम्ही तिला शपथ घातलीत की कुणापाशी बोलायचं नाही, भाडी मिळायची बंद होतील. तुम्ही गेल्यावर तिला वाटलं, ही तर जन्मभर शेजारी बसली, हिला काय सांगायचं.

बाबा, त्या दिवसापासून मला एकेक आठवतं आणि आठवलेलं सगळं दुसऱ्या कुशीवर वळतं. तुम्ही जेवायला कायम भिंतीशी बसायचात, भिंत डाव्या हाताला. मी समजायचे, टेकायला बरं म्हणून. कुणी डावीकडून हाक मारली की तुम्ही डोळे नुसते न फिरवता अख्खी मान, जवळजवळ खांदेच वळवायचात, आणि मला ती तुमची ऐट वाटायची. मी शाळेत तशी मान वळवून दाखवायचे, मैत्रिणी हसायच्या. आई तुमच्यासमोर चहाचा कप नेहमी फिरून उजवीकडून ठेवायची. मी तेही शिकले बघा, आजपर्यंत नवऱ्याला चहा उजवीकडूनच देते, आणि का देते ते मला ठाऊक नव्हतं.

आणि ती गादी! मी अगदी लहान होते, समोरची काच माझ्या डोक्याच्या वर राहायची. तुम्ही सीटकव्हरवाल्याकडून माझ्यासाठी खास गादी शिवून आणलीत, लाल रेक्झिनची, जाडजूड, कडेला पांढरी पट्टी. माझ्या वाढदिवसाच्या आसपासच, म्हणून मी ती वाढदिवसाचीच धरली. "बस राणी, आता सगळं दिसंल तुला," म्हणालात. मला सगळं दिसायला लागलं. तुम्ही गाडी सुरू करायच्या आधी विचारायचात, "डावीकडं?" आणि मी काच खाली करून, मान बाहेर काढून, सायकल, माणूस, कुत्रं, बैल सगळं बघून ओरडायचे, "डावीकडं मोकळं!" त्या गाडीला डावा आरसा नव्हताच. तेव्हा कुठल्या गाडीला असायचा? उजवीकडे एक, आत एक, झालं. शाळा सुटली की तुम्ही फाटकाशी उभे, सुट्टी लागली की सकाळपासून मी गाडीत. पेणची माणसं मला 'ड्रायव्हरीण' म्हणायची. मला वाटायचं, सगळ्या पेणमध्ये माझ्याइतकी लाडकी पोरगी दुसरी नाही. बाकीच्यांचे बाप पोरींना बाजारात सुद्धा नेत नव्हते.

मग गणपतीचे दिवस यायचे. कारखान्यांतून मूर्ती निघायच्या, रोह्याकडची, कोलाडकडची माणसं पेणला यायची आणि स्टँडवरच्या सगळ्या गाड्या देव वाहायला लागायच्या. रीत ठरलेली, देव पुढे, घरच्या कर्त्याच्या मांडीवर, तोंडावर रुमाल, आणि बाकीची मंडळी मागे. तुमच्या गाडीत मात्र देव मागे आणि पुढे लाल गादीवर मी. कोलाडचे एक म्हातारे आजोबा आठवतात मला. देव छातीशी धरून ते आपल्या गाडीच्या पुढच्या दाराशी उभे आहेत आणि आत मी बसलेय. "अरे, देवाला मागं आणि पोरीला पुढं? ही काय रीत झाली?" तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने सांगताय, "काका, पुढं काचेतून ऊन लागतं. रंग उतरंल. देवाला मागं ऐसपैस बसू द्या." भाद्रपदातलं ऊन, बाबा! वायपर चालू होता! आजोबांनी आभाळाकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि तणतणत दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. भाडं गेलं. तुम्ही एका शब्दाने मला ऊठ म्हणाला नाहीत.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलेय. सासरी आल्या आल्या सांगितली, ऑफिसमध्ये सांगितली, त्या साइटवरसुद्धा लिहिली, माझ्या वडिलांनी मला देवाच्याही पुढे बसवलं म्हणून, आणि लोकांनी इतके अंगठे दिले, की क्लचवरच्या माझ्या कुठल्याच उत्तराला तेवढे मिळाले नव्हते. कुणी माहेरचा विषय काढला की ही गोष्ट माझ्या जिभेवर तयार असायची. आता ती सांगायला तोंड उघडलं की मध्येच थांबते. मला कळत नाही, त्या दिवशी त्या सीटवर तुमची लाडकी बसली होती की तुमचा डावा आरसा.

रागही येतो. खोटं कशाला बोलू? वडखळचा तो दिवस घ्या. आपण रोह्याहून भाडं घेऊन परत येतोय, मागे एक नवरा-बायको आणि त्यांचं तान्हं बाळ. मी तुमच्यावर रुसलेय, काहीतरी बोरं घेऊन दिली नाहीत एवढंच कारण, आणि तोंड फुगवून पायाकडे बघत बसलेय. अलिबागचा रस्ता डावीकडून मिळतो तिथे तुम्ही विचारता, "डावीकडं?" मी गप्प. तुम्हाला वाटतं मोकळं असेल. मग एकदम ब्रेक, करकचून, माझं डोकं पुढे आपटतं, आणि एक सायकलवाला तोल जाऊन कडेच्या गवतात. त्याला काही लागलं नाही, नशीब. तुम्ही धावत जाऊन त्याला उठवलंत, कपडे झटकलेत, हात जोडलेत. आणि परत येऊन सगळ्यांच्या देखत मला, "तोंडाला काय झालं होतं तुझ्या? डोळे कशाला दिलेत तुला?" मी पण तुमचीच, मी उलट ओरडले, "गाडी तुम्ही चालवता ना!" तुम्ही रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलात. मागच्या बाईने दोनदा विचारलं, निघायचं ना भाऊ? तुमचे हात थरथरत होते ते मी बघितलं, आणि मला वाटलं, मला ओरडल्याचं वाईट वाटतंय तुम्हाला. नंतर तुम्ही मला गोटी सोडा पाजलात, तेव्हा तर खात्रीच पटली.

आज मला ते हात पुन्हा दिसतात. बाबा, गाडीत बाळ होतं हो! बाळंतपणाला अडलेल्या बाया तुम्ही दवाखान्यात पोचवल्यात, लग्नाची वऱ्हाडं नेलीत, आणि ह्या सगळ्यांचा अर्धा रस्ता एका फ्रॉकमधल्या पोरीच्या तोंडावर होता, आणि त्या पोरीला ते सांगायची तुम्हाला गरज वाटली नाही. सांगितलं असतं तर मी कधीच रुसले नसते. दुसऱ्या क्षणाला वाटतं, सांगितलं असतं तर मी घाबरून गाडीतच बसले नसते. मग वाटतं, म्हणूनच सांगितलं नाही. मग वाटतं, किती गं सोयीचं बोलतेस बाईसाहेब, बापाची बाजू घेतेस. असं दिवसभर चालतं. टँकर कोलाडला अडकलेला पडद्यावर लुकलुकत असतो आणि मी इथे तुमच्याशी मनातल्या मनात हुज्जत घालत असते.

माझं दुखणं घेऊन मी जाणार कुठे? गेले नेटवरच. त्या साइटवर विचारलं, एका डोळ्याने दिसणारा माणूस भाड्याची गाडी चालवत असेल तर त्याला काय म्हणावं? एकाने लिहिलं, सर, हा गुन्हा आहे. दुसऱ्याने लिहिलं, सर, आमच्या मामांनी तसाच ट्रक चालवला, ओरखडा नाही. तिसऱ्याने विचारलं, सर, कुठली गाडी होती, ॲव्हरेज काय द्यायची? मग मी एआय म्हणतात त्या नव्या सोयीला विचारलं. तिच्याशी नुसतं बोललं तरी चालतं, कुठलीही गोष्ट विचारा, सांगते. मी सगळं सांगितलं, गादी, गणपती, वडखळ, सगळं, आणि विचारलं की मी लाडकी होते की आरसा. तिने छान मुद्दे पाडून दिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात वगैरे. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं, ह्याविषयी तुमच्या वडिलांशी मोकळेपणाने बोलून पाहा. मी आधी इतकी हसले, इतकी हसले, की ऑफिसात शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि आता बघा, बसलेय तुमच्याशी मोकळेपणाने बोलत. मी बोलतेय आणि ते आपोआप टाईप होतंय.

यंदा आमचा गणपती आणायला नवरा येऊ शकला नाही, त्याची शिफ्ट होती. मी एकटीच पेणला आले. आईला दरवर्षी सणाला वरशाला घेऊन जाते, तिला घेतलं, आणि आम्ही दोघी कारखान्यावर गेलो. ज्या कारखान्यात गाडी विकल्यावर तुम्ही मूर्ती बांधून द्यायच्या कामाला होतात, तिथूनच आणतो आम्ही. तिथला माणूस आमचा देव उचलून आला, रुमालाने तोंड झाकलेला, आणि सरळ पुढच्या दाराशी गेला. "ताई, पुढंच ठेवू ना? आजी मांडीवर घेतील."

मी किल्ली हातात धरून उभी. साधा प्रश्न होता हो. माझ्या गाडीला डावा आरसा आहे. कॅमेरा आहे, शिट्टी आहे. देवाला मागे बसवायचं आता काही कारण नाही, पुढे बसवला तर चारचौघांसारखी रीतच होईल. तो माणूस ओझं घेऊन ताटकळला. आईने मागचं दार उघडलं, आत जाऊन बसली, पदर सारखा केला आणि मांडीवर थाप मारून म्हणाली, "हिकडं आण. आमच्यात देव मागं बसतो."

पुढची सीट मोकळी ठेवून आम्ही निघालो. हायवेचं काम अजून चालूच आहे, वळणं बदलतात, नकाशा बोलणारी बाई दर थोड्या वेळाने गडबडते, तिला मी गप्प केलं. नागोठणं गेलं, सुकेळीची खिंड आली, आणि आरशात मला आई दिसत होती, एक हात मूर्तीच्या पाटाला, दुसरा मागच्या बाजूला आधाराला. मी विचारलंच. "आई, खरं सांग. मी त्यांची लाडकी होते की आरसा?"

"काय येड्यासारखं विचारतेस? समोर बघ."

खिंड उतरून झाली. मग ती आपणहून म्हणाली, "तू होस्टेलला गेलीस ना पनवेलला, तवा त्यांनी मला बसवलंन तुझ्या जागेवर."

हे मला नवीन होतं. तिला पुढे बसलेली मी उभ्या जन्मात बघितलेली नाही. "वडखळपर्यंत गेलो असू," ती सांगत होती. "मला म्हणाले, डावीकडं? मी म्हटलं, गाय येते. तर ती म्हैस निघाली. म्हणाले, म्हैस असो नायतर हत्ती, जवळ हाय का लांब ते सांग. मला काय कळतंय घाईत! मी डोळेच मिटून घेतले. तशीच गाडी वळवून घरी आणलीन." ती हसायला लागली, मूर्तीचा रुमाल हलला तसा पुन्हा नीट केला. "मग स्टँडवरचा एक पोऱ्या बसवून बघितलंन. एकच दिवस. म्हणाले, नाय जमत. मला तिचीच सवय हाय. आणि दिली गाडी विकून."

"गाडी म्हातारी झाली म्हणून विकली ना? पार्ट मिळत नव्हते ना?"

"गाडीला काय झालं होतं? घेणाऱ्यानं पुढं किती वर्षं चालवलीन."

बाबा, मला पुढचा रस्ता नीट दिसेना. तुम्ही मला होस्टेलवर भेटायला यायचात ते एसटीने, हातात पापडांचा डबा, आणि मी चिडायचे, की एवढी छान गाडी कशाला विकलीत, मैत्रिणींना दाखवली असती. तुम्ही म्हणायचात, म्हातारी झाली ती, राणी. मी ते खरं मानलं. जगातल्या सगळ्या गाड्यांच्या सगळ्या पार्टची मला माहिती, आणि त्या गाडीचे पार्ट मिळत होते की नाही हे कधी एकदा बघायचं सुचलं नाही. आवडीचं काम सोडून तुम्ही कारखान्यात गवताच्या पेंढीत देव बांधत बसलात, आणि मी तिकडे कॉलेजात मजेत.

"मग मी लाडकीच होते ना गं?" मी पुन्हा विचारलं. लहान मुलीसारखा आवाज निघाला माझा.

"सवय म्हणालेले ते. मी ऐकलं ते सांगितलं. बाकीचं त्यांना विचारायचं होतंस," आई म्हणाली, आणि देवाला सावरून बसली.

म्हणून विचारतेय. सवय म्हणजे काय हो, बाबा? मलाही माझ्या गाडीच्या आरशाची सवय आहे, पण तो फुटला तर मी दुसरा बसवीन, गाडी विकणार नाही. हे माझं मलाच पटतं, मग दोन दिवसांनी पुन्हा वडखळचं ते बाळ आठवतं आणि परत सगळा गुंता. तुम्ही बरोबर होतात असं मी म्हणणार नाही. तुमच्यावर रागावून राहायचं म्हटलं तर तेही जमत नाही. तो दुरुस्त केलेला फोटो मी पुसून टाकलाय. बुरशीचाच फोटो नव्या काचेत बसवून आईला दिला, कान नाही तर नाही. तिने तो भिंतीला लावला आणि त्याच्याकडे तोंड करून जेवायला बसली.

इतकं बोलून झालं, आणि आता वरच्या कोपऱ्यात हे विचारतंय की कुणाला पाठवायचं. रिकामी चौकट आहे, त्यात नाव टाकलं की क्षणात जातं, जगात कुठेही. तुमचं नाव टाकायला बोट पुढे नेलं होतं मी, खोटं नाही. मग काढून घेतलं. राहू दे इथेच पडून.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी कोलाडला हायवे सोडून रोह्याकडे वळताना मी थांबले, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, अगदी मोठ्याने, लहानपणीसारखं, "डावीकडं मोकळं!" एकटी असते तेव्हा मी दर वळणावर म्हणते, शिकले तेव्हापासून, पण कुणासमोर कधी म्हटलं नव्हतं. मागून आईने दचकून विचारलं, "कुणाला सांगतेस गो?"

मी म्हटलं, "गणपतीला."

खोटं बोलले, बाबा.